सिंगल बेल

ओवीचा पहिला दात पडला तेव्हा मी तिच्यापासून सहा फुटांवर बसलो होतो, आणि मला ते कळलं अर्ध्या तासाने.

मध्ये एक दार होतं. दाराच्या कडीला लाल नॅपकिन. आमच्या घरातला तो नियम होता: नॅपकिन लावलेला असला की बाबा मीटिंगमध्ये आहे, दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही आणि पॅसेजमध्ये सायकल तर अजिबात चालवायची नाही. नियम मीच केलेला. सहा वर्षांच्या मुलीने तो इतका चोख पाळला की आता त्याची मला लाज वाटते. त्या दुपारी शाळेतून आल्यावर पेरूची फोड खाताना तिचा दात निघाला. स्वयंपाकाच्या मावशींनी तिला चूळ भरायला लावली, दात धुऊन तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "जा, बाबांना दाखव जा." ती दारापर्यंत आली. नॅपकिन होता. मग ती भिंतीला पाठ लावून, मूठ मिटून तिथेच फरशीवर बसली.

माझी मीटिंग तीनलाच संपली होती. नॅपकिन काढायचा राहिला होता, आणि मी मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या किमती बघत बसलो होतो. आम्हाला गाडी घ्यायची नाहीये.

साडेतीनला पाणी प्यायला म्हणून दार उघडलं तर पायाशी ओवी, अर्धवट पेंगलेली. तिने मूठ उघडली. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा दात, आणि तो घट्ट धरून ठेवल्याने तळहातावर उमटलेला त्याचा वळ.

"संपली का मीटिंग?" तिने विचारलं.

"हो, आत्ताच," मी म्हणालो.

दात पडणं ही काही मोठी गोष्ट नाही, अजून बरेच पडायचेत. पण ते "आत्ताच" माझ्या घशात अडकून बसलं आहे.

माझं घरून काम सुरू झालं ते ज्या आठवड्यात सगळ्यांचंच झालं त्याच आठवड्यात. २४ मार्च २०२० च्या रात्री आठला टीव्हीवर एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. आमच्या घरी त्याच सुमाराला बायकोची बाळंतपणाची रजा संपत होती. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ही रजा सव्वीस आठवड्यांची झाली, तिचा पुरेपूर लाभ तिने घेतला होता. ती एका सहकारी बँकेत आहे. बँका अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे सगळं शहर घरात कोंडलेलं असताना ती गळ्यात ओळखपत्र अडकवून, मास्क लावून रिकाम्या सिंहगड रोडवरून स्कूटर दामटत शाखेत जायची. आणि मी, ज्याला ओवीच्या जन्मानंतर कंपनीने पाच दिवसांची रजा दिली होती (केंद्र सरकारी नोकराला पंधरा दिवस तरी मिळतात, खाजगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात काहीच नाही), तो अचानक साडेपाच महिन्यांच्या बाळासह घरी होतो. पायाने झोळी हलवायची, हाताने कीबोर्ड. तेव्हा कुणी काही म्हणत नव्हतं. सगळ्यांच्याच घरी कुकरच्या शिट्ट्या होत्या, सगळ्यांच्याच मागे कुणीतरी रडत होतं.

आता तसं नाही. आता मंगळवार-बुधवार हिंजवडी आणि बाकी तीन दिवस घर, अशी वाटणी आहे. बंगळूरच्या टीममधल्या पोरांना मागे कुत्रं भुंकलेलंही खपत नाही. टूबीएचकेतल्या धाकट्या खोलीला आम्ही 'बाबाचं ऑफिस' म्हणतो. तिथे एका भिंतीला गाद्यांचं कपाट, दुसऱ्या भिंतीला माझं टेबल आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की हा इन्व्हर्टर एक पंखा, एक दिवा आणि वायफाय एवढंच ओढतो. मी बँकांच्या सॉफ्टवेअरची चाचणी करणाऱ्या टीममध्ये आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, त्याचा पगार मिळतो. स्वतःच्या घरातली चूक शोधायला पाच वर्षं लागली.

सोसायटीत मात्र माझी बढती झाली आहे. चारही मजल्यांची पार्सलं माझ्याकडे येतात. गॅस सिलिंडरवाला, पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणारा, वरच्या काकूंना बँकेतून आलेला ओटीपी वाचून दाखवणं, सगळं "तुम्ही घरीच असता ना" या एका वाक्यावर चालतं. साताऱ्याहून आईचा फोन आला की पहिलं वाक्य, "कामात हाईस का? न्हाई, घरीच हाईस म्हणून केला." तक्रार नाही. पूर्वी हेच सगळं घरी असलेल्या बाईकडे असायचं आणि तिला ओटीपी वाचायचा पगारही मिळत नसे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सातारा डेपोत कंडक्टर होते. २०१२ ला रिटायर झाले. माझ्या लहानपणी त्यांना बरीच वर्षं बामणोलीची मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी साताऱ्याहून निघायचं, कास ओलांडून कोयनेच्या पाण्याकाठी उतरायचं, रात्री गाडीतच नाहीतर देवळात झोपायचं आणि पहाटे परत. म्हणजे आठवड्यातल्या निम्म्या रात्री अण्णा घरी नसायचे. शाळेच्या गॅदरिंगला नसायचे, माझा हात मोडला तेव्हा नव्हते, धाकटीच्या बारशाला पाहुण्यांच्या नंतर आले. आजच्या हिशोबाने अगदी नापास बाप.

पण मला अण्णा 'नव्हते' असं आठवत नाही. आठवतात ते असलेलेच.

ते का, हे मला अलीकडे उमगलं. आमचं घर डेपोपासून चालत दहा मिनिटांवर. सुट्टीच्या दिवसांत मी गाडी यायच्या वेळेला डेपोत जाऊन उभा राहायचो. अण्णा गाडीतून उतरायचे, बगलेत तिकिटांची पत्र्याची पेटी, गळ्यात चामडी पिशवी, आणि माझ्याकडे न बघता सरळ आत जायचे. तिथे बाकावर बसून वेबिल पुरं करायचं. कुठल्या टप्प्यावर कुठल्या नंबरपर्यंत तिकिटं फाटली त्याचा मेळ घालायचा. पिशवी उपडी करायची, नाण्यांचे थर लावायचे, नोटा सरळ करून एका तोंडाने लावायच्या आणि खिडकीवर भरणा करायचा. रक्कम कमी भरली तर खिशातून घालावी लागे, त्यामुळे भरणा होईपर्यंत अण्णा पोटच्या पोराशीही बोलत नसत. मी काही विचारायला गेलो तर नुसता हात वर. पंजा, पाच बोटं, नाण्यांनी काळी पडलेली. थांब.

आणि मग खिडकीतून पावती यायची. अण्णा ती घडी घालून वरच्या खिशात ठेवायचे, टोपी काढायचे, नळावर साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, "हां, बोला साहेब." तिथून पुढे ते माझे. रस्त्यात ऊस खायचा, सायकलचं पंक्चर काढायचं, घरी गेल्यावर जेवून ते तास-दोन तास झोपायचे, पण झोपेतसुद्धा ते माझेच असायचे. त्यांच्या पोटावर पाय टाकून मी पाढे म्हणायचो. ड्युटी सुटली म्हणजे सुटली. डेपो त्यांच्या मागे घरी येत नव्हता.

माझ्या नोकरीत भरण्याची खिडकी नाही.

दात प्रकरणानंतर मी एक उद्योग केला. कामाच्या सवयीने म्हणा. ओवीच्या शाळेची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आणि घरून कामाचे दहा दिवस वेबिल लिहिलं. टप्पा घालून. आठ-वीस, ओवी व्हॅनमध्ये बसली. आठ-चाळीस, टेबलाशी. अकरा-दहा, पार्सल. असं. (पहिली ते चौथीच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश २०२४ मध्ये शासनाने काढला, नाहीतर आमचं वेबिल पहाटे साडेपाचला अंधारात सुरू झालं असतं.) चाचणीवाल्या माणसाला आकडे दिसले की बरं वाटतं. यावेळी वाटलं नाही.

पहिली गोष्ट ही कळली की हिंजवडीचे जाऊन-येऊन वाचलेले तीन तास माझ्याकडे आलेलेच नाहीत. पाच वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, "प्रवास वाचतो ना, ते तीन तास घरच्यांना मिळतात." वहीत ते कुठेच सापडेनात. दोन तास कामाने खाल्ले होते, कारण लॅपटॉप समोरच असतो. आणि उरलेला एक तास मोबाइलने.

दुसरी गोष्ट जास्त टोचली. खरं डोकं लावून केलेलं काम दिवसाला चार, फार तर साडेचार तास होतं, आणि ते जवळजवळ सगळं सकाळी नऊ ते दोनमध्ये झालेलं. ओवी शाळेत असताना. दोनच्या पुढे मी टेबलाशी आणखी सहा-सात तास बसत होतो, पण बहुतेक वेळ तो हिरवा ठिपका राखण्यात जात होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ऑफिसच्या चॅटवर तुमच्या नावापुढे एक ठिपका असतो. तुम्ही काम करत असलात की हिरवा, थोडा वेळ हालचाल नसली की पिवळा. घरून काम करणाऱ्याला पिवळ्याची फार भीती. मी स्वयंपाकघरात पोहे खाताना एका हाताने माउस हलवलेला आहे. बायकोने ते पाहिलं आणि काही बोलली नाही, हे जास्त वाईट.

म्हणजे दुपारी अडीचनंतर मी ऑफिसात होतो तेही ठिपक्यापुरता, आणि घरात होतो तेही ठिपक्यापुरताच. ओवी चित्र दाखवायला आली की "छान" म्हणायचो, स्क्रीनवरून नजर न हलवता. त्या वहीत मी एक रकाना केला होता, 'ओवीबरोबर, दुसरं काही न करता'. दहा दिवसांची सरासरी निघाली पस्तीस मिनिटं. त्यातली वीस तिला शाळेसाठी तयार करण्याची.

आणि एक निरीक्षण, वहीतलं नाही, डोळ्यांनी केलेलं. मंगळवार-बुधवारी शाळेनंतर ती पाळणाघरात असते, मी आठला थकून घरी येतो. तेव्हा किल्लीचा आवाज झाला की ओवी धावत दारात येते आणि पायाला विळखा घालते. ज्या दिवशी मी दिवसभर घरी असतो त्या दिवशी संध्याकाळी खोलीतून बाहेर आलो तर ती मान वर करूनही बघत नाही. बाप आला असं तिला कधी वाटणार? तो कुठे गेलेलाच नसतो.

शिकागोचं सांगायचं राहिलं. आमचा ग्राहक शिकागोत आहे, त्यांच्या सकाळी साडेआठला आमची मीटिंग. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे मीटिंग संध्याकाळी सात ते आठ, आणि हिवाळ्यात आठ ते नऊ. नुसता एक तासाचा फरक. पण ओवी पावणेनऊला झोपते. त्यामुळे आमच्या घरात मार्च ते ऑक्टोबर बाबा गोष्ट सांगतो आणि नोव्हेंबर ते मार्च सांगत नाही. तिच्या लेखी हा काहीतरी ऋतूच आहे. दिवाळी संपली, आकाशकंदील उतरवला, स्वेटर काढले, बाबाची गोष्ट बंद झाली. एकदा तिने बायकोला विचारलं, "आंबे आले की बाबा परत सांगेल ना?"

मी मॅनेजरला विचारलं होतं, हिवाळ्यात अर्धा तास अलीकडे घेता येईल का. तो भला माणूस आहे. म्हणाला, तिकडच्या लोकांना पोरं शाळेत सोडून यायचं असतं, साडेआठच्या आधी जमत नाही त्यांना. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिकडचाही कुणीतरी बापच होता.

डिसेंबरात एका शनिवारी साताऱ्याला गेलो, ते मुख्यतः दातासाठी. आईचा फोनवर हुकूम होता की पडलेला दात इकडे-तिकडे टाकायचा नाही, कौलांवर फेकायचा. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कौलं कुठली, सोलरच्या टाक्या आणि डिश. म्हणून दात महिनाभर कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवलेला होता. अंगणात उभं राहून ओवीने तो फेकला. पहिल्या खेपेला पन्हाळीत पडला, अण्णांनी शिडी लावून काढला, त्र्याहत्तराव्या वर्षी. दुसऱ्या खेपेला बरोबर मधल्या कौलांत.

मग दुपारभर आजोबा-नात एसटी-एसटी खेळत होते. पडवीतल्या बाकाची गाडी, दांडीला सुतळीने बांधलेली घंटी, म्हणजे पितळेची पूजेतली. आधी अण्णांनी तिला इतिहास शिकवला, एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, तेव्हा ते स्वतःही जन्मले नव्हते. मग नियम.

"हे बग, एक बेल म्हंजी थांबा. दोन बेल म्हंजी चला. ड्रायव्हरनं मागं वळून बगायचं न्हाई. का थांबू, कोन उतरतंय, काय इचारायचं न्हाई. सिंगल बेल पडली की ब्रेक."

"आणि ड्रायव्हरला घाई असली तर?"

"आसंना. दोरी कुनाच्या हातात हाय?"

"कंडक्टरच्या."

"मग?"

मी लॅपटॉप घेऊन पडवीच्या कोपऱ्यात बसलो होतो. शनिवार होता आणि मी हिरवा होतो. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, त्यांचा काही बोलायचा हेतू असेल असं मला वाटत नाही. ते आयुष्यात कधी आडून बोलले नाहीत. पण मी लॅपटॉप मिटला आणि जाऊन शेवटच्या सीटवर बसलो. बामणोलीचं अर्धं तिकीट माझ्या हातात आलं, वाण्याच्या पावतीच्या पाठीमागचं. मी पंचेचाळीसचा आहे हे कंडक्टरने मानलं नाही.

पुण्याला परतल्यावर लाल नॅपकिन फडताळातल्या जुन्या कपड्यांत गेला. त्याच्या जागी काही नवी, सुंदर व्यवस्था आली आणि सगळं मार्गी लागलं असं लिहायला आवडलं असतं. तसं झालेलं नाही. सकाळचे पाच तास मात्र मी आता दात-ओठ खाऊन राखतो. त्या वेळात पार्सल घेत नाही, वरच्या काकूंचा ओटीपी वाचत नाही, आणि सोसायटीत माझी थोडी बदनामी झाली आहे. अडीच ते साडेचार मी कॅलेंडरवर सरळ 'घरी' असं लिहून अडवले. टीममधल्या एकाने विचारलं, घरी तर तू असतोसच, मग हे काय? मी म्हटलं, तेच. त्या दोन तासांत ठिपका पिवळा पडतो. पहिल्या आठवड्यात मी चार वेळा जाऊन बघून आलो की कुणी काही म्हणतंय का. कुणी काही म्हणालं नाही, कुणाचं लक्षही नव्हतं, आणि त्याचा थोडा अपमानही वाटला. कधी काम उरतं, मग ओवी झोपल्यावर साडेदहापर्यंत बसावं लागतं, डोळे चुरचुरतात, बायको एकटी टीव्ही बघते. तिच्या वाट्याचा रकाना मी वहीत केलाच नव्हता. तिने तो वही चाळताना बरोबर हेरला.

रात्री काम संपलं की लॅपटॉप मिटून कपाटात, गाद्यांच्या मागे ठेवतो आणि बेसिनवर जाऊन हात धुतो, साबण लावून, कोपरापर्यंत. पावती काही मिळत नाही.

आणि दाराला आता बेलचा नियम आहे. ओवीनेच आणला तो साताऱ्याहून. एक टकटक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दिवसाला दोनच सिंगल बेल, ही अट मी घातली. दात, रक्त आणि पाहुणे त्यात धरायचे नाहीत, ही तिने.

गेल्या गुरुवारी रात्री साडेआठला शिकागोची मीटिंग ऐन रंगात होती. मी माझा भाग मांडत होतो, एका फॉर्ममध्ये पैशांची बेरीज कशी चुकते ते. दारावर टक्. एकदाच. मी इंग्रजीत "माफ करा, एक मिनिट" म्हटलं, कॅमेरा बंद केला, उठून दार उघडलं. ओवी नाइटड्रेसमध्ये, हातात पांघरुणाचं टोक, खालच्या दातांत एक खिडकी.

"काय गं?"

"काही नाही." तिने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "थांबतोस का ते बघत होते."

मग तिने दार स्वतःच ओढून घेतलं आणि बाहेरून दोनदा वाजवलं. टक्, टक्.

मी जाऊन बसलो.